हेल्मेटवाली अक्का आणि भाड्याचे सर्व्हर

कुठल्याही नव्या सर्व्हर कंपनीला अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. किंमत नाही, वेग नाही, जागा किती मिळेल तेही नाही. फोनवरचा मुलगा आपल्या कंपनीचं नाव सांगून "आपली काय मदत करू?" म्हणेपर्यंत त्या थांबायच्या आणि मग अगदी शांतपणे इंग्रजीत विचारायच्या, "तुम्हाला सोडून जायचं असेल तर कसं जायचं?"

पलीकडे गडबड उडायची. "पण मॅडम, तुम्ही तर अजून आलाच नाहीत."

"म्हणून तर आत्ता विचारायलेय," हे मात्र त्या मराठीत म्हणायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या.

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला बियाण्याच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार संगणक, एक इन्व्हर्टर आणि भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर. भालकीहून बी.सी.ए. करून मी तिथे कामाला लागले तेव्हा गावात इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारी एक अशक्त गोष्ट होती. वारा सुटला की ती जायची. अशा ठिकाणी बसून अक्का लोकांना वेबसाइट बनवून द्यायच्या. एका डॉक्टरांकडे रुग्णांनी नंबर लावायचा, एका कॉलेजने निकाल टाकायचे, उदगीरच्या आडतीवरचे भाव रोज सकाळी चढवायचे, अशी छोटी छोटी कामं. कामं छोटी असली तरी ती चालायला कुठेतरी एक यंत्र रात्रंदिवस जागं लागतं. ते यंत्र आपल्याकडे ठेवणं कमलनगरच्या विजेवर शक्यच नव्हतं. म्हणून ते भाड्याने घ्यायचं, सिंगापूरला नाहीतर अमेरिकेत. कुणाचं घ्यायचं, केवढं घ्यायचं आणि परवडणाऱ्या भाड्यात घ्यायचं, यात अक्कांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं.

त्या औराद भागातल्या. एम.सी.ए. करून हैदराबादला मोठ्या कंपनीत बरीच वर्षं होत्या आणि एक दिवस परत आल्या. का आल्या, यावर गावात पुष्कळ गोष्टी होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिथं माझ्या खुर्चीला चाकं होती, पण ती खुर्ची कुठंच जात न्हवती." याच्यापलीकडे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

गावाने त्यांना ओळखायचं ते हेल्मेटवरून. त्यांच्याकडे गाडी नव्हती. जीपमध्ये बसताना त्या हेल्मेट घालायच्या. इरकल साडी, पायात खेळाडूंचे बूट, डोक्यावर लाल हेल्मेट, आणि दोन्हीकडून माणसांनी दाबलेल्या अक्का. पहिल्या दिवशी जीपवाला हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अक्का, आमच्यावर भरोसा न्हाई का?"

"तुझ्यावर हाय," त्या म्हणाल्या. "समोरून येणाऱ्याला मी ओळखत न्हाई."

सर्व्हरच्या बाबतीतही त्यांचं हेच होतं. कंपनी कितीही मोठी असो, अक्का डोक्यावर हेल्मेट घालूनच आत शिरायच्या.

नवी कंपनी पारखायची त्यांची पद्धत मला सुरुवातीला वेडेपणाच वाटायची. आधी त्या सर्व्हरला 'हाळी' घालायच्या. म्हणजे आपल्या संगणकावरून त्या दूरच्या यंत्राला एक छोटा निरोप पाठवायचा आणि ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. सकाळी घालायच्या, दुपारी घालायच्या, संध्याकाळी सगळं गाव इंटरनेटवर आलं की पुन्हा घालायच्या. मग ऐन जेवणाच्या वेळी कंपनीला फोन करून मुद्दाम एक बावळट प्रश्न विचारायच्या. उत्तर काय येतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. उत्तर देणारा वैतागतो का, एवढंच त्या ऐकायच्या. "आज बावळट प्रश्नाला वैतागला, तर उद्या आपलं घर जळायलंय म्हणून सांगितलं तरी वैतागल," त्या म्हणायच्या. महिन्याच्या महिन्याला भाडं घेणारा त्यांना चालायचा. तीन वर्षांचं एकदम द्या, निम्म्यात देतो म्हणणाऱ्याचा फोन त्या पुढचं न ऐकताच ठेवायच्या.

'अमर्याद' या शब्दाचा तर त्यांना मनापासून राग होता. अमर्याद जागा, अमर्याद वापर, अशी जाहिरात दिसली की म्हणायच्या, "ज्याच्या घरी काहीच मोजून न्हाई, त्याच्या घरी पाव्हणा म्हणून ऱ्हावं, भाडेकरू म्हणून ऱ्हाऊ नये." आणि एखादा उत्साही गिऱ्हाईक आपल्या दहा पानांच्या साइटसाठी मोठाच्या मोठा सर्व्हर घ्यायला निघाला की त्यालाही तशाच आडवायच्या. "तिफणीला हत्ती जुपत न्हाईत, साहेब. पेरणी बी व्हायची न्हाई आन हत्ती बी उपाशी मरल."

आमच्याकडच्या सर्व्हरांना त्यांनी आपल्या आत्यांची नावं दिली होती. बाहेरच्या माणसाला ऑफिसातलं बोलणं ऐकून एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या आजारपणाचा भास व्हायचा. "सोनाआत्या आज दमलीय, बग जरा." "ठकूआत्याला किती दिवस झालं उठवून बसवलं न्हाई?" एकदा आडतीवरचे एक व्यापारी हे ऐकून खरोखरच हळहळले. जाताना म्हणाले, "म्हातारीला बिदरला न्या, अक्का. इथं कामून ठेवायलाव?"

ठकूआत्याला उठवून बसवणं म्हणजे आमची एक भयंकर परीक्षा होती. अधूनमधून, काही कारण नसताना, अक्का एखादा चांगला चालता सर्व्हर बंद करायच्या आणि मला म्हणायच्या, "मेली. आता दुसऱ्या कंपनीकडं उभी कर." पहिल्यांदा मी घाईघाईने म्हणाले, "अक्का, पण बॅकअप आहे ना आपल्याकडे!"

"बॅकअप हाय म्हणणं म्हंजे वाणसामान भरून ठेवलंय म्हणणं," त्या शेंगा फोडत म्हणाल्या. "जेवण झालं का, ते सांग."

त्या दिवशी डॉक्टरांची साइट दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या यंत्रावर उभी राहीपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नाही. उभी राहिली तेव्हा अक्कांनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, "काई अडचण आली का आज?" डॉक्टर म्हणाले, "नाही बुवा. का?" अक्कांनी फोन ठेवला, उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सारल्या आणि पहिल्यांदाच मला 'बाई' म्हणाल्या. तोपर्यंत मी 'पोरी' होते.

त्यांच्या या सगळ्या वागण्यामागे काय होतं ते मला नीट कळलं ते माझ्याच समाजाच्या वधू-वर मंडळाच्या वेळी.

आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरात मेंढरं होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकून शेती धरली. भाऊबंदांतले कुणी हैदराबादला गेले, कुणी पुण्याला, कुणी सोलापूरला. पूर्वी जत्रेत सोयरिकी जमायच्या. आता जत्रेला यायला कुणाला सवड नव्हती. म्हणून मंडळाने ठरवलं की मुला-मुलींची माहिती वेबसाइटवर टाकायची. मंडळाचे अध्यक्ष खताचे मोठे व्यापारी होते. पांढरे कपडे, बोटात दोन अंगठ्या, आवाज असा की खालच्या दुकानात ऐकू जावा. ते आमच्या ऑफिसात येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि चहा आला की भिंतीवरच्या बुद्धाकडे बघत म्हणत, "आत्ताच घेतलो." दर वेळी ते आत्ताच घेऊन आलेले असत. अक्कांना त्यातला अर्थ कळत नव्हता असं नाही. त्या आपला चहा प्यायच्या, मग अध्यक्षांचाही कप ओढून प्यायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोला."

सर्व्हर म्हणजे काय हे त्यांनी अध्यक्षांना खिडकीतून खालचा जीपचा अड्डा दाखवून समजावलं. "ती काळी-पिवळी बघा. तिच्यात सगळ्यांनी दाटून बसायचं. स्वस्त पडतंय, पण एकाला उलटी झाली की सगळ्यांना सोसावं लागतंय. दुसरं म्हंजे अख्खी जीप इकत घ्यायची. मग ती दारात नुसती उभी असली तरी खर्च चालूच. आन आता तिसरी तऱ्हा निघालीय. अड्ड्यावर सांगायचं, आज दोन माणसं हायेत, लहान गाडी द्या. रविवारी वऱ्हाड हाय, मोठी द्या. सोमवारी परत लहान. जेवढं बसलाव तेवढंच भाडं. ह्याला क्लाउड म्हणतेत. तुमचा मेळावा वर्सातून एकदा, तुम्हाला हेच बरं."

अध्यक्षांना ते पटलं. साइट झाली. माझ्यासकट बऱ्याच मुलींची माहिती तीवर चढली. माझी अप्पांनी दिली होती: माझा फोटो, शिक्षण, आणि संपर्कासाठी अप्पांचा मोबाईल. मी माझी स्वतःचीच स्थळासाठीची माहिती टाईप केली, हे आता आठवलं की हसू येतं. उंचीच्या रकान्यात अक्कांनी मागून वाकून एक इंच वाढवला.

पानं कुलूपबंद होती. मंडळाने ज्या घरांना परवलीचा शब्द दिला त्यांनाच ती उघडायची.

मेळावा जवळ आला आणि अध्यक्ष एक दिवस जिना चढतानाच बोलत आले. "अक्का, आमचे जावई शहरात हेच काम करतेत. ते म्हणाले, मामा, भाडं कामून भरायलाव? माझ्याकडं ठेवा. फुकट. कायमचं."

"फुकट कसं परवडतंय त्यांना?"

"घरचंच हाय म्हणून."

"घरचं असलं तरी वीज जळतीच की."

"तुमचं गिऱ्हाईक चाललंय म्हणून तुम्ही असं बोलायलाव," अध्यक्ष हसत म्हणाले, पण आवाज हसणारा नव्हता.

मला वाटलं आता वाद होणार. अक्का उठल्या, सगळी साइट, सगळी माहिती एका सीडीत भरली आणि त्यांच्या हातात ठेवली. साइटचं नाव त्यांनी पहिल्यापासून मंडळाच्याच मालकीचं नोंदवलेलं होतं, त्याच्या किल्ल्याही दिल्या. "जाणाऱ्याला मी आडवत न्हाई," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून साइट जावयाच्या सर्व्हरवर गेली आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांच्या मोबाईलवर फोन येऊ लागले.

पहिला फोन आला तेव्हा अप्पांना वाटलं, स्थळ आहे. ते आनंदाने बोलू लागले आणि बोलता बोलता गप्प झाले. दुसऱ्या फोनला त्यांनी नुसतं ऐकलं. तिसरा फोन माझ्या आईने उचलला आणि ती फोन चुलीपाशी तसाच टाकून बाहेर येऊन बसली. परकी माणसं, माझं पूर्ण नाव घेऊन, फोटोत मी कुठल्या रंगाची साडी नेसले आहे ते सांगून बोलत होती. काय बोलत होती ते घरात मला कुणी सांगितलं नाही. अप्पा त्या संध्याकाळी माझ्याशी बोललेच नाहीत, आणि त्या न बोलण्यानेच मला सगळं कळलं.

सकाळी मी ऑफिसात जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी काहीही न विचारता संगणकावर अप्पांचा नंबर टाकून शोधला. पहिलंच पान आमच्या साइटचं. कुलूप नव्हतं. जावयाने लोकांना सोपं पडावं म्हणून ते काढून टाकलं होतं, आणि फुकटाचा खर्च भागवायला चारी बाजूंनी जाहिराती लावल्या होत्या, त्यातल्या काही घाणेरड्या. मध्ये माझा फोटो. खाली इतर मुली. कुणी माझ्याबरोबर शाळेत होती, कुणी अजून बारावीला होती.

अक्कांनी त्या पानाचं चित्र काढून ठेवलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या.

"तुमची कशी, अक्का? त्यांनीच—"

"मी सीडी दिली. साइट मंडळाची होती, ती द्यायलाच पायजे होती. पण पोरींचे फोटो मंडळाचे न्हवते. ते मला तवा सुचलं न्हाई." मग एकदम खुर्ची ओढली. "चल. रडायचं मागनं बघू."

त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष मेळाव्याच्या मांडवाच्या गडबडीत होते. म्हणाले, जावयाला सांगतो, मेळावा झाल्यावर बघू. जावई फोन उचलत नव्हता. मग अक्कांनी सर्व्हरचा माग काढायला घेतला. हाळी घालत, निरोप कुठून कुठे जातो ते बघत त्या सिंगापूरच्या एका कंपनीपर्यंत पोचल्या. जावयाने तिथलं एक यंत्र भाड्याने घेतलं होतं आणि त्याचे तुकडे लोकांना फुकट वाटले होते. अक्कांनी थेट सिंगापूरला फोन लावला. तिथल्या बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, ज्या व्यक्तीची माहिती उघडी पडली आहे तिने स्वतः लेखी तक्रार केली तर आम्ही लगेच बघू.

अक्कांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मी लिवलं तर धंद्यातलं भांडण वाटल. नाव तुझं हाय. तू लिव."

मी लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात मी खूप काही लिहिलं: आमचं गाव, अप्पा, आई, लोक काय म्हणतील. अक्कांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे सगळं खरं हाय. पण त्या बाईला हे नगो. काय दिसायलंय, कुठं दिसायलंय, कुणाचं हाय, कुणी परवानगी दिली न्हाई. एवढंच." मी तेवढंच लिहिलं. खाली माझं नाव टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाविरुद्ध तरी माझ्या नावाने काही लिहिलं होतं. एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

उत्तर त्याच दुपारी आलं. मी पान उघडून बघितलं. ते उघडलं नाही. पुन्हा बघितलं. नव्हतं. सगळ्या मुली त्या उघड्या रस्त्यावरून घरात गेल्यासारख्या नाहीशा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले ते आधी खालच्या दुकानातच ऐकू आले. "मेळावा तोंडावर आलाय आन साइट बंद! कुणी केला हा उद्योग?"

"मी," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. आतापर्यंत मी त्यांच्या हिशेबी ऑफिसातलं एक सामान होते. "तू? आपल्याच समाजाची पोर?"

"म्हणूनच, काका. त्यात माझाच फोटो होता. अप्पांना काय फोन येतेत, तुम्ही एकदा त्यांच्याशेजारी बसून ऐका."

त्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी त्यांना ते पान दाखवलं. बंद व्हायच्या आधी काढून ठेवलेलं चित्र होतं. अध्यक्षांनी चष्मा लावला. जाहिराती बघितल्या. मग खालच्या फोटोंवर नजर गेली आणि तिथेच थांबली. त्यांची पुतणीही त्यात होती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते खाली बसले, आणि या वेळी खुर्चीच्या कडेवर नाही.

"रविवारला कसं करायचं, अक्का?"

"उद्या चालू करून देते. पण माझ्या बोलीवर. पोरींचे नंबर दिसणार न्हाईत. कुणाला चौकशी करायची असल तर फोन या ऑफिसात येईल. आन ज्याची नोंद हाय, त्याला ती पायजे तवा पुसता आली पायजे. मंडळाला विचारायचं न्हाई."

"असं कसं? मंडळाला न विचारता?"

"पोरी मंडळाच्या न्हाईत."

अध्यक्षांनी बोटातली अंगठी फिरवली. मग होकाराची मान हलवून उठले. जिन्यात त्यांचे पाय वाजले, पण आवाज नाही.

ते पुसायचं बटण मी बनवलं. लाल, मोठं, आणि मराठीत लिहिलेलं: 'माझी माहिती काढून टाका'. अक्कांनी त्यांच्या हैदराबादच्या दिवसांतल्या क्रेडिट कार्डावर सिंगापूरलाच एक छोटा सर्व्हर घेतला, तोही त्याच कंपनीकडे. मी आश्चर्याने बघितलं तेव्हा म्हणाल्या, "आपण तक्रार केली, तवा ती बाई वैतागली न्हाई. याच्यापेक्षा मोठी परीक्षा कुठली घ्यायची ऱ्हायलीय?" शनिवारी त्यांनी तो मोठा केला, रविवारी वऱ्हाडासारखी माणसं आली, साइट चालली, आणि सोमवारी तो परत छोटा झाला. त्या दिवसांत चौकशीचे फोन अक्का स्वतः घेत. "मुलाचे तुम्ही कोण? काका? मग काका, मुलाला स्वतःला बोलता येतंय का?" नंतर कितीतरी आयांनी मला सांगितलं की तेवढी कसून चौकशी त्यांच्या सासरच्यांनीसुद्धा केली नव्हती.

इथे सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं होतं. पण पान गेलं तरी ज्यांनी नंबर लिहून घेतले होते त्यांच्याकडे ते होतेच. मेळाव्यानंतर अप्पा चावडीवर चार माणसांत बसले असताना एका दारुड्याचा फोन आला, आणि त्याचा आवाज शेजारच्यांनाही ऐकू गेला. अप्पा घरी आले. पायातल्या चपला न काढताच म्हणाले, "उद्यापासून कमलनगरला जायचं न्हाई."

मी सगळं सांगून पाहिलं. अप्पा ऐकत नव्हते असं नाही. त्यांना वेगळं काही समजतच नव्हतं. त्यांच्या लेखी त्या यंत्राने त्यांच्या मुलीला वेशीवर उभं केलं होतं, आणि मी रोज त्याच यंत्रापुढे जाऊन बसत होते.

मी गेले नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात जीप थांबली. आई धावत आत आली. "अगं, कोण की हेल्मेट घालून उतरलंय!"

अक्का ओट्यावर बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता त्या अप्पांना माझ्या हुशारीचं सांगतील, माझ्या भवितव्याचं सांगतील. त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या लेकीचा फोटो माझ्या हातनं बाहेर गेला. ती माझी चूक हाय, तिची न्हाई. तिनं तो बंद केला. आता मी बनवलेल्या जागेत तिची नोंद हाय. ती तिथं ठिवायची का काढायची, तुम्ही ठरवा. पण इथं बसून न्हाई. माझ्यासंगं या, डोळ्यानं बघा आन ठरवा."

अप्पा उठून आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले.

ऑफिसात त्यांना मी माझ्या खुर्चीवर बसवलं. माझी माहिती मंडळाला त्यांनीच दिली होती, म्हणून ती पुसायचा हक्कही त्यांचाच होता. मी पान उघडलं. माझा फोटो, नाव, शिक्षण. नंबराच्या जागी ऑफिसचा फोन. अप्पांनी सगळं अक्षर लावत वाचलं. उंचीपाशी थांबले आणि माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. अक्का खिडकीबाहेर बघू लागल्या.

"हे तांबडं काय हाय?"

"ते दाबलं की माझं सगळं पुसलं जातं, अप्पा."

"कुणी केलं हे?"

"मी."

त्यांनी माउसवर हात ठेवला. बाण कुठेतरी भलतीकडेच पळाला. मी मदतीला हात पुढे केला तर अक्कांनी मला नजरेनेच थांबवलं. मेंढराला वळवावं तसा अप्पांनी तो बाण हळूहळू वळवून बटणावर आणला आणि ते दाबलं. पान पांढरं झालं.

"गेलं?"

"गेलं."

"परत कुणाला दिसंल?"

"आता न्हाई, अण्णा," अक्का म्हणाल्या. "परत घालायचं असल तर तुम्ही तिघं ठरवा. तुम्ही, वैनी आन ही."

अप्पा शेजारच्या संगणकाकडे बोट करून म्हणाले, "आन ते काय चाललंय?" मी सांगितलं, आडतीवरचे आजचे भाव आहेत, तुरीचे, मुगाचे, सकाळपासून चढवायचे राहिलेत. तुरीचा भाव त्यांनी दोनदा विचारला. मग उठले, टोपी नीट केली आणि जिना उतरले.

मी पिशवी खांद्याला लावून त्यांच्या मागे निघाले. दोन पायऱ्या उतरले असेन. अप्पा खालून म्हणाले, "तू कुठं यायलीस? तुरीचा भाव कोण चढवणार हाय?"

मी खिडकीशी आले तेव्हा ते जीपमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. जीप भरायची होती. ड्रायव्हर आणखी माणसं हाका मारून बोलावत होता, आणि अप्पा त्याला हात हलवून तुरीचा भाव सांगत होते.